मानेला झटका देण्याचा अधिकार कोणाला?

असे व्हिडिओ आता घरोघरी पाहिले जातात. टेबलावर एक माणूस उताणा झोपलेला असतो. त्याच्या उशाशी उभा राहिलेला 'तज्ज्ञ' दोन्ही तळव्यांत त्याचे डोके धरतो, हनुवटी हळूहळू एका बाजूला नेतो आणि माणूस पुरता सैल पडला, असे हाताला जाणवताच एकदम झटका देतो. कडकड आवाज होतो. तो नीट ऐकू यावा म्हणून गळ्याजवळ मायक्रोफोन लावलेला असतो. काही जणांच्या हातात पट्टा असतो. हनुवटीखाली आणि डोक्यामागे तो अडकवून डोके जोरात वर हिसकले जाते. झोपलेला माणूस क्षणभर दचकतो, मग हसतो, मान इकडेतिकडे फिरवून दाखवतो आणि व्हिडिओ तिथेच थांबतो.

त्या मिनिटभरात बरेच काही दाखवलेले नसते. झटका देण्याआधी त्या माणसाला काय विचारले? त्याला रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का, हाडे ठिसूळ झाली आहेत का, मानदुखी किती दिवसांची आहे, हे कोणी पाहिले का? दुसऱ्या दिवशी सकाळी तो कसा उठला? झटका देणारा हे काम कुठे शिकला, किती वर्षे शिकला, त्याच्या हाताखालून आधी गेलेल्यांचे काय झाले? आणि काही बिघडले तर दाद कोणाकडे मागायची? ज्या देशांत कायरोप्रॅक्टिकसाठी, म्हणजे हाताने मणक्यांना झटके देऊन उपचार करण्याच्या या व्यवसायासाठी, कायदा नाही, देखरेख करणारी परिषद नाही, नोंदणी नाही, तिथे या शेवटच्या प्रश्नाला उत्तरच नाही. तिथे चार दिवसांचा वर्ग करून किंवा नुसते व्हिडिओ पाहूनही कोणी दारावर 'कायरोप्रॅक्टर' अशी पाटी लावू शकतो.

मणक्याला, विशेषतः मानेच्या मणक्याला, सांध्याच्या नेहमीच्या हालचालीपलीकडे नेणारा झटका देणे ही आरोग्यसेवेतली जोखमीची कृती आहे, आणि ती कोणी करायची हे कायद्याने ठरवलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. त्यापुढचेही एक म्हणणे आहे. नुसते 'कायरोप्रॅक्टर' हे नाव राखीव केल्याने काम भागणार नाही. कायद्याने त्या कृतीवरच बंधन घालायला हवे.

हा आग्रह का, हे कळायला मानेच्या आत डोकावून पाहावे लागते. मानेत सात मणके असतात. त्यांतल्या वरच्या सहा मणक्यांच्या दोन्ही कडांना एकेक छिद्र असते आणि त्या छिद्रांमधून दोन्ही बाजूंनी एकेक धमनी वर चढते. तिचे नाव व्हर्टिब्रल धमनी. सगळ्यात वरच्या मणक्यापाशी ती तीव्र वळण घेते आणि कवटीच्या तळातून आत शिरते. आत गेल्यावर दोन्ही बाजूंच्या धमन्या मिळून एक होते, ती बॅसिलर धमनी. मेंदूचा मागचा भाग, तोल सांभाळणारा लहान मेंदू आणि श्वास, गिळणे, डोळ्यांच्या हालचाली चालवणारा ब्रेनस्टेम या सगळ्यांना रक्त पुरवण्याचे काम मुख्यतः याच वाटेने होते. आणि आपण डोके वळवतो त्यातला जवळपास निम्मा वळसा वरच्या दोन मणक्यांमध्ये घडतो, म्हणजे धमनी जिथे वळण घेते नेमकी तिथेच.

धमनीच्या भिंतीला थर असतात. ताण पडून आतला थर फाटला तर रक्त भिंतीच्या थरांमध्ये घुसते, वाट अरुंद होते, तिथे गुठळी बनते. ती गुठळी सुटून वर गेली की मेंदूच्या मागच्या भागात स्ट्रोक. याला डिसेक्शन म्हणतात. पन्नाशीच्या आतल्या माणसांना येणाऱ्या स्ट्रोकमागे हे एक महत्त्वाचे कारण असते. कधी ते अपघातात होते, कधी खेळताना, कधी अगदी किरकोळ निमित्ताने, तर कधी कोणतेच निमित्त सापडत नाही. मानेला झटका दिल्यानंतरही ते झाल्याच्या नोंदी वैद्यकीय वाङ्मयात अनेक दशकांपासून आहेत.

त्याची लक्षणे नेहमीच्या पक्षाघातासारखी, हातपाय लुळा पडणारी असतीलच असे नाही. आधी मानेत किंवा डोक्याच्या मागे एका बाजूला, यापूर्वी कधी न झालेली अशी कळ. मग गरगरणे, ओकारी, एकाचे दोन दिसणे, जीभ जड होणे, घोट न उतरणे, चालताना एका बाजूला झोक जाणे. ब्रेनस्टेमच्या एका विशिष्ट भागाला इजा झाली तर चेहऱ्याच्या एका बाजूला आणि शरीराच्या विरुद्ध बाजूला गरम-गार कळेनासे होते, आवाज घोगरा होतो, उचकी थांबत नाही. बॅसिलर धमनीच बंद पडली तर माणूस पूर्ण शुद्धीवर असूनही डोळ्यांच्या उघडझापीखेरीज काहीच हलवू शकत नाही, अशी अवस्था येऊ शकते. हे झटक्यानंतर लगेच होते असेही नाही. काही तास, कधी काही दिवस मध्ये जातात. तोवर झटका देणारा आपल्या पुढच्या कामाला लागलेला असतो आणि 'थोडे दुखेल, आपोआप बसेल' एवढेच सांगून त्याने माणसाला घरी पाठवलेले असते. अशी लक्षणे दिसली तर पुन्हा त्याच्याकडे न जाता थेट रुग्णालय गाठावे, आणि मानेला झटका दिला होता हे तिथल्या डॉक्टरला आवर्जून सांगावे.

इथे एक वाद आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. कायरोप्रॅक्टिकचे समर्थक म्हणतात, झटक्यामुळे धमनी फाटते हे सिद्ध कुठे झाले आहे? त्यांच्या बाजूला आधार आहे. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या लोकसंख्येवर केलेला एक मोठा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की या प्रकारच्या स्ट्रोकचा संबंध कायरोप्रॅक्टरकडे जाण्याशी जितका आहे, साधारण तितकाच तो साध्या फॅमिली डॉक्टरकडे जाण्याशीही आहे. याचा एक अर्थ असा की धमनी आधीच फाटू लागलेली असते, त्यामुळे मान दुखते, आणि मान दुखते म्हणून माणूस कोणाकडे तरी जातो. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि अमेरिकन स्ट्रोक असोसिएशन यांनी २०१४ मध्ये काढलेल्या निवेदनातही कार्यकारणभाव पक्का झालेला नाही असेच म्हटले, पण संबंध दिसतो आहे, तेव्हा मानेला झटका देण्याआधी रुग्णाला त्याची कल्पना द्यावी, असेही सांगितले.

हा युक्तिवाद मी मान्य करून चालतो. मग तर परवान्याची गरज आणखी वाढते. मानदुखी घेऊन येणाऱ्यांतल्या काही थोड्यांची धमनी आधीच फाटू लागलेली असेल, तर समोरच्या माणसाला ते ओळखता आले पाहिजे. ही मानदुखी नेहमीची नाही, या मानेला हात लावायचा नाही, हिला आत्ता रुग्णालयात पाठवायचे, हा निर्णय त्याला दोन-चार मिनिटांत घेता आला पाहिजे. फॅमिली डॉक्टरकडे गेलेल्या रुग्णाच्या बाबतीत ते ओळखायचे राहून गेले तरी निदान त्या फाटलेल्या धमनीला झटका तरी बसत नाही. ज्याने व्हिडिओ पाहून हात बसवला आहे, त्याला सगळ्या माना सारख्याच दिसतात.

गंभीर इजा विरळ आहे, हे खरे. लाखो झटके दिले जातात आणि बहुतेकांना दिवसभराच्या दुखण्यापलीकडे काही होत नाही. पण 'विरळ' हा शब्द वापरायलाही मोजदाद लागते. ज्याची नोंद नाही तो किती जणांना झटके देतो हे कोणालाच माहीत नाही आणि त्यांतल्या कितींचे पुढे काय झाले हेही माहीत नाही. तक्रार येत नाही म्हणून धोका नाही, असे मानणे त्यामुळेच चुकीचे आहे.

कोणाला हात लावायचा नाही, ही यादी मोठी आहे आणि या व्यवसायाचे खरे शिक्षण त्या यादीत आहे असे मला वाटते. हाडे ठिसूळ झालेली वयस्क बाई. कर्करोग मणक्यात उतरलेला, पण अजून निदान न झालेला माणूस, ज्याला वाटते आहे की वाकून ओझे उचलल्याने पाठ धरली. मणक्याचा क्षय, ज्याची सुरुवात साध्या पाठदुखीने होते. संधिवाताचा जुना रुग्ण, ज्याच्या वरच्या दोन मणक्यांना जोडणारे बंध सैल झालेले असतात. डाउन सिंड्रोम असलेले मूल, ज्याच्या बाबतीत हाच धोका जन्मापासून असू शकतो. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिसचा रुग्ण, ज्याचे मणके एकमेकांना चिकटून कणा कडक आणि ठिसूळ झालेला असतो. आणि दोन मणक्यांमधली चकती, म्हणजे डिस्क, मागे सरकून कण्याच्या तळाशी असलेल्या नसांचा जुडगाच दाबला गेलेला माणूस. त्याला बसण्याच्या जागेवर बधिरपणा जाणवतो, लघवी अडते किंवा कळत नाही. अशा रुग्णाला काही तासांत शस्त्रक्रियेच्या टेबलावर न्यावे लागते, नाहीतर लघवी-शौचावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. लाज वाटते म्हणून हे लक्षण रुग्ण स्वतःहून सांगत नाही. ते विचारावे लागते, आणि विचारायचे असते हे आधी माहीत असावे लागते.

जाणकार माणूस झटक्याकडे पोचण्याआधी काय करतो, ते पाहण्यासारखे असते. तो कपडे बदलायला लावतो, चालून दाखवायला सांगतो. टाचांवर चाला, चवड्यांवर चाला. गुडघ्याखाली छोटा हातोडा मारून पाहतो. पायाच्या अंगठ्याला वरून दाब देऊन 'वर उचला' म्हणतो आणि दोन्ही पायांची ताकद सारखी आहे का हे बघतो. तळव्यावर टोक ओढून बोटे कुठे वळतात ते पाहतो. रात्री झोपेतून उठवणारे दुखणे आहे का, वजन घटले आहे का, ताप येतो का, हे विचारतो. आणि हे सगळे लिहून ठेवतो. कित्येकदा यातून निष्पन्न असे होते की झटका द्यायचाच नाही. या तपासणीचा व्हिडिओ कोणी करत नाही, कारण त्यात आवाज नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये कायरोप्रॅक्टिकच्या शिक्षणाबद्दल आणि सुरक्षिततेबद्दल मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. वैद्यकाची आधीची पार्श्वभूमी नसलेल्या विद्यार्थ्यासाठी त्यात चार वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम सांगितला आहे. प्रत्यक्ष शिकवणीचे किमान ४२०० तास आणि त्यांत देखरेखीखालच्या प्रत्यक्ष कामाचे किमान १००० तास. झटका कधी द्यायचा नाही, याची सविस्तर यादीही त्याच कागदात आहे. चार वर्षे आणि चार दिवस यांतले अंतर रुग्णाला बाहेरून दिसत नाही. दोघांचे टेबल सारखे, पांढरा कोट सारखा, भिंतीवरचा कण्याचा सांगाडाही सारखा. आवाजसुद्धा सारखाच येतो.

त्या आवाजाबद्दल थोडे. पुष्कळांचा समज असतो की कट्ट झाले म्हणजे सरकलेला मणका जागेवर बसला. तसे नसते. सांध्याच्या पोकळीत वंगणासारखा द्रव असतो, सांधा ताणला गेला की आतला दाब एकदम उतरतो, वायूची पोकळी तयार होते आणि त्याचा आवाज येतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये बोटाचा सांधा ओढला जात असतानाच त्याचे एमआरआय चित्रण करून ही पोकळी तयार होताना टिपली. आपण बोटे मोडतो तेव्हा होते तेच हे. त्यानंतर थोडा वेळ सैल, हलके वाटते, ते खरे असते. पण त्याने हाड सरकलेले होते हेही सिद्ध होत नाही आणि ते बसले हेही नाही. खरोखर मणका जागेवरून निसटलेला असेल तर ती अपघात विभागात नेण्याची बाब आहे.

या उपचारात काहीच तथ्य नाही, असे म्हणायचा माझा हेतू नाही. कंबरदुखीत मणक्याला दिलेल्या झटक्याचा उपयोग होतो, पण तो माफक असतो. व्यायाम आणि इतर मान्य उपचारांइतकाच, त्यांच्याहून फारसा अधिक नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ च्या कंबरदुखीविषयीच्या शिफारशींत औषधांआधी करून पाहण्याच्या उपायांमध्ये त्याला जागा दिली आहे. उपचारांबद्दल शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०१६ मध्ये सांगितले की असा उपचार करायचा तर व्यायामाच्या जोडीनेच करावा. जगात २०२० साली सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. एवढ्या दुखण्याला एकट्या डॉक्टरांच्या हातून उतार पडणार नाही, हे उघड आहे. लोक कोणाकडे ना कोणाकडे जाणारच. म्हणूनच ज्याच्याकडे ते जातात तो शिकलेला आणि बांधील असावा, ही मागणी आहे.

खुद्द या व्यवसायाचा इतिहासही हेच सांगतो. १८९५ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर याने हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याचे बहिरेपण गेले, असा दावा केला. पामर त्याआधी चुंबकीय उपचार करत असे. कानाची नस पाठीच्या कण्यातून जात नाही, ती कानापासून थेट ब्रेनस्टेमला जाते, ही अडचण त्याला जाणवली नाही. पुढे त्याने ९५ टक्के रोग मणके सरकल्यामुळे होतात असे लिहिले. १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला आणि दंड भरण्याऐवजी त्याने तुरुंग पत्करला. त्याच्यानंतर अनेक कायरोप्रॅक्टर असेच तुरुंगात गेले. पण त्याच पिढीने स्वतंत्र परवान्याची मागणीही लावून धरली. कॅन्सस राज्याने १९१३ मध्ये पहिला कायदा केला, आणि लुइझियानाने १९७४ मध्ये शेवटचा. परवाना ही या व्यवसायावर बाहेरून लादलेली बेडी नव्हती. त्यातल्याच लोकांनी साठ वर्षे झगडून मिळवलेली ती गोष्ट आहे. आज परवान्याला विरोध करणारे या इतिहासाशीही फारकत घेतात.

परवाना म्हणजे डॉक्टरांची मक्तेदारी, असा एक आक्षेप असतो. त्यात पूर्वी तथ्य होते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कायरोप्रॅक्टरांवर जवळपास बहिष्कार घातला होता. चेस्टर विल्क आणि इतरांनी १९७६ मध्ये दावा लावला, आणि १९८७ मध्ये न्यायाधीश सुझन गेट्झेंडॅनर यांनी असोसिएशनने मक्तेदारीविरोधी कायदा मोडला असा निकाल दिला. त्याच निकालात त्यांनी हेही स्पष्ट केले की कायरोप्रॅक्टिक शास्त्रीय आहे की नाही, हे ठरवणे न्यायालयाचे काम नाही, ते संशोधनानेच ठरेल. मला हा निकाल दोन्ही बाजूंनी योग्य वाटतो. एका व्यवसायाने दुसऱ्याचा गळा आवळू नये, यासाठीच परिषद स्वतंत्र हवी आणि तिच्यात व्यवसायाबाहेरचे सामान्य नागरिकही हवेत.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो, आणि तो विज्ञानाची चाड असलेल्यांकडून येतो. नोंदणी दिली की सरकारचा शिक्का बसतो, आणि पामरच्या सिद्धान्तासकट सगळे अधिकृत होते, असे ते म्हणतात. धोका खरा आहे. ब्रिटनमध्ये कायदा असूनही काही कायरोप्रॅक्टर बाळांचे पोटदुखीचे रडणे, कानाचा संसर्ग, दमा यांवर उपचार करण्याचे दावे करत होते. विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी २००८ मध्ये त्यावर लिहिले, तर ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्यांच्यावर बदनामीचा दावा लावला. एप्रिल २०१० मध्ये अपील न्यायालयाने सिंग यांच्या बाजूने कौल दिला आणि दावा मागे घेण्यात आला. मात्र पुढे काय झाले तेही पाहावे. नागरिकांनी नोंदणीकृत कायरोप्रॅक्टरांच्या जाहिरातींविरुद्ध जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल या नोंदणी करणाऱ्या परिषदेकडे तक्रारींचा ढीग लावला, आणि त्याच वर्षी कौन्सिलने आपल्या सदस्यांना लेखी सांगितले की मणका सरकल्याने रोग होतात या कल्पनेला संशोधनाचा आधार नाही, तसे दावे करू नयेत. तक्रार करायला दार होते म्हणून हे घडले. ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये दोन आठवड्यांच्या बाळावर उपचार करतानाचा व्हिडिओ पाहून लोक खवळले, तेव्हा तिथल्या कायरोप्रॅक्टिक मंडळाने दोन वर्षांखालच्या मुलांच्या कण्याला झटके देण्यावर अंतरिम बंदी घातली आणि व्हिक्टोरिया राज्याने बालरुग्णांवरच्या या उपचाराची स्वतंत्र तपासणी करवली. नोंदणीने चुकीचे दावे आपोआप थांबत नाहीत. पण नोंदणी नसेल तर ते थांबवायचे कोणी, हा प्रश्न तसाच राहतो.

आता कायदा कसा असावा याकडे. ब्रिटनच्या १९९४ च्या कायद्याने 'कायरोप्रॅक्टर' हे नाव राखीव केले. नोंद नसताना ते लावणे गुन्हा आहे. नोंद हवी तर मान्य शिक्षण हवे, विमा हवा, आचारसंहिता पाळायला हवी. पण तो कायदा नावापाशी थांबतो. कोणी 'स्पाइन स्पेशालिस्ट', 'अलाइनमेंट कोच' किंवा असेच काही म्हणवून घेतले आणि तोच झटका दिला, तर नावाचा कायदा त्याला पकडत नाही. ज्यांना परवाना घ्यायचाच नाही ते नेमकी ही फट शोधतात.

ऑन्टॅरिओने १९९१ च्या आरोग्य व्यवसाय कायद्यात वेगळी वाट धरली. कण्याचे सांधे नेहमीच्या मर्यादेपलीकडे वेगवान झटक्याने हलवणे, ही कृतीच तिथे नियंत्रित ठरवली आहे. ज्या व्यवसायांना कायद्याने तो अधिकार दिला आहे, त्यांनीच ती करायची. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कायद्यात मानेच्या मणक्यापुरते असेच कलम आहे, आणि तो अधिकार डॉक्टर, कायरोप्रॅक्टर, ऑस्टिओपॅथ (हाडे-स्नायूंवर हातानेच उपचार करणारा दुसरा पंथ) आणि फिजिओथेरपिस्ट अशा नोंदणीकृतांनाच आहे. पाटीवर काय लिहिले आहे याला मग महत्त्व उरत नाही. जिथे कायदा नव्याने करायचा आहे तिथे हाच नमुना घ्यावा असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. यात कोण्या एका पंथाला झुकते मापही मिळत नाही, कारण हात कोणत्याही पदवीचा असला तरी मान तीच असते.

पिढीजात हाडवैद्यांचे काय, हा प्रश्न इथे येतोच. त्यांच्यातल्या काहींच्या बोटांत खरे कसब असते, आणि जिथे दुसरे कोणी नाही तिथे लोकांनी त्यांच्यावर भरवसा ठेवला आहे. जेम्स पॅजेट या नामांकित इंग्रज शल्यवैद्याने १८६७ मध्येच आपल्या व्यवसायबंधूंना बजावले होते की हाडवैद्यांकडून चांगले ते शिका आणि वाईट ते टाळा. त्यांना एका रात्रीत गुन्हेगार ठरवणारा कायदा अन्यायाचा होईल आणि टिकणारही नाही. ब्रिटनमध्ये नोंदणी १९९९ ला सुरू झाली, तेव्हा आधीपासून काम करणाऱ्यांना सुमारे दोन वर्षांची मुदत होती. त्या काळात आपले काम सुरक्षित आणि सक्षम असल्याचे दाखवून नोंद करता येत असे. अशी मुदत द्यावी, प्रशिक्षण द्यावे, चोळणे-शेकणे-बांधणे यांना हात लावू नये. मानेच्या झटक्याला मात्र पहिल्या दिवसापासून सवलत नको.

जाहिरातीही परिषदेच्या कक्षेत याव्यात. उपचाराचे चित्रण करून प्रसिद्धी करायची असेल तर त्यासाठी उपचाराहून वेगळी लेखी संमती घ्यावी, आणि 'मधुमेह गेला', 'ऐकू येऊ लागले' असले दावे करणाऱ्याची नोंदणी धोक्यात यावी.

आणखी एक तरतूद मला या सगळ्यांइतकीच गरजेची वाटते, आणि तिच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. झटक्याने इजा झालेला माणूस झटका देणाऱ्याकडे परत जात नाही. तो रात्री-अपरात्री रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात पोचतो, तिथे 'स्ट्रोक' एवढीच नोंद होते आणि आधी काय घडले ते कागदावर येतच नाही. म्हणून पन्नाशीच्या आतल्या प्रत्येक स्ट्रोकच्या रुग्णाला किंवा त्याच्या नातेवाइकांना गेल्या महिन्याभरात मानेला कोणी झटका दिला होता का, हे विचारणे आणि उत्तर 'हो' असेल तर परिषदेला कळवणे, ही जबाबदारी कायद्याने रुग्णालयावर टाकावी. ब्रेनस्टेमला इजा झालेल्या माणसाला पुष्कळदा बोलता येत नाही. तक्रार त्याने स्वतः करावी, अशी अपेक्षा ठेवता येणार नाही.